बेस गिटारच्या तारा कशा निवडायच्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेसच्या तारांबद्दल विचारायला येणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न ब्रँडचा असतो. खरं तर तो सगळ्यात शेवटी विचारायचा. आधी तारेवरचं वेटोळं कुठल्या प्रकारचं हे ठरवायचं, मग धातू, मग जाडी, आणि एवढं झाल्यावर कंपनी. खाली चार तारांचा, ३४ इंच स्केलचा साधा इलेक्ट्रिक बेस गृहीत धरला आहे. स्केल म्हणजे मानेच्या टोकाचा नट आणि बॉडीवरचा ब्रिज यांच्यामधली तारेची वाजणारी लांबी. त्याहून वेगळं काही असेल तिथे तसं लिहिलं आहे.

राउंडवाउंड आणि फ्लॅटवाउंडमध्ये नेमका फरक काय?

बेसच्या प्रत्येक तारेत मधोमध पोलादाचा गाभा असतो आणि त्यावर दुसरी तार घट्ट गुंडाळलेली असते. ही वरची तार गोल असेल तर राउंडवाउंड, चपट्या पट्टीची असेल तर फ्लॅटवाउंड. नखाने तारेवरून लांबीच्या दिशेने ओढून बघा. राउंडवाउंडवर नख खरखरत जातं, फ्लॅटवाउंडवर सरळ घसरतं.

आवाजातला फरकही त्यातूनच येतो. राउंडवाउंडमध्ये वरचे स्वरांश (मूळ सुराबरोबर उमटणारे बारीक वरचे सूर) भरपूर, म्हणून आवाज उजळ, धातूची झाक असलेला, लांब टिकणारा. बोट सरकवलं की कर्रकन आवाजही येतो. फ्लॅटवाउंडचा आवाज गोल आणि खोल. सूर ठामपणे लागतो आणि लवकर ओसरतो.

लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस आणला तेव्हापासून पुढची बरीच वर्षं बेस म्हणजे फ्लॅटवाउंडच होता. राउंडवाउंडला खरी चाल मिळाली ती १९६० च्या दशकात. 'द हू' या रॉक बँडच्या जॉन एन्टविसलला बेसच्या खालच्या तारांतून पियानोसारखी खणखणीत धार हवी होती. इंग्लंडमधल्या रोटोसाउंड कंपनीच्या जेम्स हाऊंबरोबर बसून त्याने ती मिळेपर्यंत तारा करून घेतल्या. त्यातून आलेला 'स्विंग बेस ६६' हा संच आजही विकला जातो. आज दुकानातला कुठलाही नवा बेस उचला, त्यावर बहुधा राउंडवाउंडच असतात.

या दोन्हींच्या मधलेही प्रकार आहेत. हाफराउंडमध्ये गोल तार गुंडाळून वरून घासून गुळगुळीत करतात. टेपवाउंडमध्ये सगळ्यात बाहेर नायलॉनची पट्टी असते, बहुतेक वेळा काळी. नायलॉन असलं तरी आतला गाभा पोलादाचाच, त्यामुळे नेहमीच्या चुंबकीय पिकअपवर (तारेचं कंपन टिपणाऱ्या चुंबकांवर) त्या व्यवस्थित वाजतात. हा प्रश्न दर वेळी येतो म्हणून आधीच सांगून टाकलं.

मी ऑर्केस्ट्रात जुनी हिंदी-मराठी गाणी वाजवतो. कुठल्या घेऊ?

फ्लॅटवाउंड. १९६० आणि ७० च्या दशकातल्या त्या रेकॉर्डिंगमधला बेस गोल, बसका आणि आटोपशीर आहे. नव्याकोऱ्या राउंडवाउंडवर तीच ओळ वाजवली की सूर बरोबर असूनही काहीतरी परकं वाटतं, आणि मग माणूस ॲम्पची बटणं फिरवत बसतो.

पण नियम म्हणून हे डोक्यात ठेवू नका. ढोलकी किंवा तबल्याचा डग्गा सतत चालू असलेल्या मांडणीत खालची जागा आधीच भरलेली असते. तिथे फ्लॅटवाउंडचा बेस जाणवतो, पण नेमका सूर कळत नाही. लावणीच्या कार्यक्रमात किंवा फ्यूजनमध्ये म्हणूनच मला थोड्या वाजवून मुरलेल्या निकेल राउंडवाउंड बऱ्या वाटतात. अंगठ्याने स्लॅप करणाऱ्यांनी, म्हणजे तारेवर अंगठा आपटून वाजवणाऱ्यांनी, राउंडवाउंडच घ्याव्यात, त्यात फारसा विचार करण्यासारखं काही नाही.

उलटी उदाहरणंही आहेत. आयर्न मेडनचा स्टीव्ह हॅरिस इतकं वेगवान हेवी मेटल वाजवतो, आणि तेही फ्लॅटवाउंडवर. बोटांचा मारा जबरदस्त आणि तारा कायम नव्या, म्हणून त्याचा बेस कडक ऐकू येतो. तार अर्धं काम करते, उरलेलं अर्धं तुमचा उजवा हात करतो.

टोनचं बटण शून्यावर आणलं तर राउंडवाउंडमधूनच फ्लॅटवाउंडचा आवाज मिळेल का?

जवळपास जाता येतं, पूर्ण नाही. टोनच्या बटणाने वरचे स्वरांश कापले जातात. सूर कसा सुरू होतो आणि किती वेगाने ओसरतो, हे मात्र तसंच राहतं.

पैसे घालण्याआधी एक फुकटचा प्रयोग करा. भांडी घासायच्या नव्या स्पंजची बोटभर रुंद पट्टी कापा आणि ब्रिजच्या अगदी लगत, चारही तारांच्या खाली खोचा. तारा स्पंजला टेकल्या पाहिजेत, पण दबून आवाज मरायला नको. आता टोन थोडा खाली घेऊन वाजवा. लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंमध्ये असंख्य रेकॉर्डिंग केलेल्या कॅरोल के फ्लॅटवाउंडवरसुद्धा ब्रिजपाशी फेल्टची पट्टी लावून पिकने वाजवत. स्पंज लावून आलेला आवाज तुम्हाला भावला, तर पुढचा संच फ्लॅटवाउंडचा घ्या. नाही भावला तर स्पंज काढून टाका, खर्च शून्य.

निकेल घ्यावं की स्टील?

पाकिटावर 'निकेल' लिहिलेलं असलं तरी बहुतेक संचांत वरची तार पोलादाची असते आणि तिला निकेलचा मुलामा असतो. बोटाला मऊ, आवाज समतोल, फ्रेटची (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची) झीज कमी. पहिल्यांदा स्वतः तारा विकत घेणाऱ्याने डोळे मिटून याच घ्याव्यात. स्टेनलेस स्टीलच्या तारा जास्त उजळ, जास्त खरखरीत. त्या फ्रेट लवकर घासतात, पण गंजाला बऱ्यापैकी दाद देत नाहीत. स्लॅपसाठी नावाजलेल्या मार्कस मिलरच्या नावाने डीआर कंपनीने काढलेला संच स्टेनलेसचाच होता. निव्वळ निकेलच्या ताराही मिळतात. त्या आणखी मवाळ वाजतात आणि खिशाला जड असतात.

पाकिटावरचे ४५, ६५, ८५, १०५ हे आकडे कसले?

तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात. ४५ म्हणजे ०.०४५ इंच, सुमारे १.१ मिलिमीटर, १०५ म्हणजे सुमारे २.७ मिलिमीटर. पहिला आकडा सगळ्यात बारीक जी तारेचा, शेवटचा सगळ्यात जाड ई तारेचा. ४५ ते १०० किंवा ४५ ते १०५ हा सर्वसाधारण संच, ४० पासून सुरू होणारा हलका, ५० पासून पुढचा जड.

पाच हजारांश इंच म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण त्याच धातूची, त्याच सुरात लावलेली तार १०० वरून १०५ केली की तिचा ताण साधारण दहा टक्क्यांनी वाढतो. चारही तारांचा मिळून ताण सत्तर-ऐंशी किलोच्या घरात असतो आणि तो सगळा त्या बारीक लाकडी मानेवर येतो.

जाडी मात्र सगळं सांगत नाही. फ्लॅटवाउंड त्याच जाडीच्या राउंडवाउंडपेक्षा सहसा ताठ लागतात. त्यातही व्हिएन्नाच्या थॉमास्टिक-इनफेल्डच्या जाझ फ्लॅट्स इतक्या सैल असतात की पहिल्यांदा वाजवणारा दचकतो. पाकिटाच्या मागे किंवा कंपनीच्या तक्त्यात प्रत्येक तारेचा ताण पौंडात दिलेला असेल तर तो आकडा बघा. बोटाला जाणवतो तो ताण.

जाड तारा लावल्या की आवाज भारदस्त होतो म्हणतात. खरं का?

थोडं खरं. जाड तारेला ताण जास्त, त्यामुळे जोरात वाजवली तरी ती फार हलत नाही आणि फ्रेटवर आपटत नाही. सूर घट्ट येतो. डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीत जेम्स जेमरसन ला बेलाच्या ५२ ते ११० च्या फ्लॅटवाउंडवर, तारा चांगल्या उंच ठेवून, एकाच बोटाने वाजवायचा, आणि तार तुटेपर्यंत बदलायचा नाही. ते ऐकून आपल्याकडे अनेक मुलं थेट ११० चा संच मागवतात. जेमरसनचं ते बोट कॉन्ट्राबासवर, म्हणजे उभ्या मोठ्या बेसवर, घडलेलं होतं. सहा महिने वाजवणाऱ्याला एवढ्या जड तारांवर मनगट दुखण्याखेरीज काही मिळत नाही. मनगट किंवा कोपर आत्ताच कुरकुरत असेल तर ४० च्या संचावर या. आवाजात पडलेली थोडी तूट ॲम्प भरून काढतो.

गायिकेची पट्टी पांढरी दोन आहे. खालचा सा मिळत नाही. ई तार उतरवू का?

हा खास आपल्याकडचा प्रश्न. बेसची सगळ्यात खालची तार ई, म्हणजे पांढरी तीन. पट्टी पांढरी दोन किंवा काळी एक असली की सा तिच्याही खाली जातो आणि तो वरच्या सप्तकात घ्यावा लागतो. गाण्याचा पायाच उचलल्यासारखा वाटतो.

ई तार एक पूर्ण स्वर उतरवून डी केली की तिचा ताण सुमारे एकवीस टक्क्यांनी घटतो. १०० ची तार मग सैल पडून फ्रेटवर झणझणते. तानपुऱ्याला जवारी हवी, बेसला नको. एखाद्या गाण्यापुरतं असेल तर हात हलका ठेवून निभवा. नेहमीचंच असेल तर ११० ची सुटी ई तार लावा, बाकीच्या तीन तशाच ठेवा.

काळी एक, पांढरी एक अशा पट्ट्या सतत येत असतील तर पाच तारांचा बेस घ्या. किंवा पाच तारांचा संच घेऊन त्यातली सगळ्यात बारीक जी तार बाजूला ठेवा आणि उरलेल्या बी-ई-ए-डी चार तारांच्या बेसवर चढवा. यात नटच्या खाचा जाड तारांसाठी रुंद करून घ्याव्या लागतात. ते कानशीचं बारीक काम आहे, घरी करू नका. खाच जास्त खोल गेली की नट बदलण्यावाचून उपाय नाही.

पाच तारांच्या बेसवर बी तार थुलथुलीत वाजते. तार बदलू?

आधी ॲम्प बदलून बघा. मोकळ्या बी तारेचा सूर सुमारे ३१ हर्ट्झचा. घरातला आठ-दहा इंची स्पीकरचा ॲम्प तो मूळ सूर जवळजवळ काढतच नाही. आपण ऐकतो ते त्याचे वरचे स्वरांश. चांगल्या हेडफोनवर किंवा मोठ्या कॅबिनेटवर तीच तार ठीक वाजली तर दोष तारेचा नाही.

तरीही सैल वाटली तर १२५ ऐवजी १३० किंवा १३५ ची घ्या. काही बी तारा ब्रिजच्या टोकाशी निमुळत्या असतात, वेटोळ्यांचे वरचे थर तिथे कमी केलेले असतात आणि तो बारीक भागच खोगिरावरून (ब्रिजवर तार टेकते त्या तुकड्यावरून) जातो. त्यांची वळण घ्यायची जागा नेमकी असते आणि स्वरांश स्वच्छ येतात. पण कुठल्याही तारेने ३४ इंची बेस ३५ इंची होत नाही, आणि बी तारेला त्या एका इंचाचा खराच फायदा असतो.

माझा बेस शॉर्ट स्केल, ३० इंची आहे. नेहमीचा संच कापून लावला तर?

नका लावू. लाँग स्केलच्या तारेचा जाड, पूर्ण गुंडाळलेला भाग खुंटीवर येतो आणि तिथे तो वाकवताना वेटोळी सुटतात किंवा तार तुटते. शॉर्ट स्केलचा संच मागा. मोजायचं असेल तर तारेच्या टोकाच्या गोट्यापासून जिथे रेशमी धागा किंवा निमुळता भाग सुरू होतो तिथपर्यंत मोजा. ते अंतर तुमच्या बेसवरच्या गोट्यापासून नटपर्यंतच्या अंतरापेक्षा थोडं जास्त हवं. बॉडीच्या मागून तारा ओवायच्या बेसवर हेच माप आणखी वाढतं, ते विसरू नका.

त्याच जाडीची तार ३० इंचांवर ३४ इंचांच्या मानाने सुमारे बावीस टक्के सैल लागते. म्हणून शॉर्ट स्केलवर एक पायरी जाड तारा चालतात, उलट बऱ्याच लागतात.

कोकणात राहतो. पावसाळ्यात तारा महिन्याभरात मरतात. काय करावं?

रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा, मुंबई, सगळीकडे हीच रड. हवेतली आर्द्रता, समुद्राचा खारेपणा आणि हाताचा घाम हे तिन्ही वेटोळ्यांच्या फटींत जाऊन बसतात. राउंडवाउंडमध्ये फटी जास्त, त्यामुळे त्या आधी मरतात.

सवयींनीच अर्धा प्रश्न सुटतो. वाजवण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करा. वाजवून झाल्यावर सुती फडक्याची घडी तारेखालून घालून प्रत्येक तार वरून-खालून चिमटीत धरून पुसा. घाण खालच्या बाजूला साठते आणि ती कुणी पुसत नाही. बेस भिंतीला टांगून ठेवू नका, पावसाळ्यात तरी केसमध्ये ठेवा आणि सिलिका जेलच्या पुड्या टाका. निळ्या दाण्यांचं सिलिका जेल ओल शोषून गुलाबी होतं, मग ते तापवून पुन्हा वापरता येतं.

तारांमध्ये बोलायचं तर अशा हवेत तीन पर्याय: स्टेनलेस, कोटेड किंवा फ्लॅटवाउंड. कोटेड तारांवर पॉलिमरचा अगदी पातळ थर असतो. त्या महाग असतात, पहिल्या दिवशी किंचित कमी उजळ वाटतात आणि मग महिनोन् महिने तशाच राहतात. घाम फार येत असेल तर पैसे वसूल. स्लॅप किंवा पिकने वाजवणाऱ्यांच्या तारांवरचा थर मात्र ठरावीक जागी सोलवटून धागे लोंबू लागतात. माझं मत विचाराल तर किनारपट्टीवरच्या माणसाने एकदा तरी फ्लॅटवाउंड लावून पाहाव्यात. सुरुवातीला दुप्पट पैसे जातात, पण पुढे वर्षानुवर्षं तारांचा विषय निघत नाही.

विदर्भ-मराठवाड्यातल्यांचा त्रास वेगळा. तिथे उन्हाळ्यात लाकूड आक्रसतं, मान हलते आणि तारा चांगल्या असूनही बेस झणझणतो.

तारा कधी बदलायच्या?

आवाज आवडेनासा झाला की. कुणी महिन्याला बदलतं, कुणी दहा वर्षांनी, आणि दोघांचंही बरोबर असू शकतं. एका खुणेकडे मात्र दुर्लक्ष करू नका: मोकळी तार सुरात आणि बाराव्या फ्रेटवर बेसूर, ब्रिज नीट लावूनही. अशी तार सैल करून उजेडात उलटी धरा. जिथे जिथे फ्रेट येतात तिथे वेटोळ्यांवर चपटे, चकचकीत खळगे दिसतील आणि त्यांच्या मध्ये काळपट मळ. तारेचं वजन आता सर्वत्र सारखं राहिलेलं नाही. ती सुरात येणार नाही, ट्यूनर कितीही चांगला असो.

जुन्या तारा उकळल्या की नव्या होतात हे खरं आहे का?

थोडे दिवस होतात. फटींतला मळ निघतो, उजळपणा परततो, आणि आठवडा-दोन आठवड्यांत पुन्हा जातो. उकळताना पाणी गाभ्यापर्यंत जातं आणि आतून गंज धरतो. त्यापेक्षा तारा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये घट्ट झाकणाच्या बरणीत रात्रभर बुडवून ठेवा आणि पूर्ण वाळवून चढवा. गॅसपासून, उदबत्तीपासून लांब. ते पेट घेतं. खळगे पडलेल्या तारेला यातलं काहीच वाचवत नाही. फ्लॅटवाउंड उकळू नका, त्यांचा मुरलेला आवाज हाच त्यांचा गुण.

फ्रेटलेसवर (फ्रेट नसलेल्या बेसवर) काय लावू?

फ्लॅटवाउंड किंवा टेपवाउंड. राउंडवाउंड शिसवी फिंगरबोर्डवर चरे पाडतात. फ्रेटलेससाठी नावाजलेला जाको पास्टोरियस राउंडवाउंडच वाजवायचा, पण त्याने फिंगरबोर्डवर इपॉक्सीचा कडक थर चढवला होता.

नवा संच चढवताना काय सांभाळायचं?

एकेक तार काढून तिथेच नवी लावा, म्हणजे मानेवरचा ताण एकदम सुटत नाही. फेंडर पद्धतीच्या, मधोमध भोक आणि वर खाच असलेल्या खुंटीवर तार ताणून धरा आणि पुढच्या दोन खुंट्यांच्या अंतराएवढी जादा ठेवा. कापण्याआधी तिथे काटकोनात वाकवा. काही तारांचा गाभा गोल असतो, षटकोनी नाही. न वाकवता कापली तर वरची वेटोळी आतल्या आत सुटतात आणि नवी तार जागच्या जागी मरते. टोक भोकात घाला, दोन-तीन वेढे वरून खाली येऊ द्या, एकावर एक चढू देऊ नका. आणि तार चढवताना तिला पीळ पडू देऊ नका.

सुरात आल्यावर नटच्या पुढे आणि ब्रिजच्या खोगिराच्या पुढे तार बोटाने हलकी दाबा, म्हणजे ती तिथे गोल कमान न करता सरळ वळते. 'नवी तार गढूळ वाजते' या तक्रारी बऱ्याचदा एवढ्यानेच संपतात.

तारा बदलल्यावर बेस झणझणायला लागला. तारा खराब निघाल्या?

बहुधा नाही. जाडी किंवा प्रकार बदलला की मानेवरचा ताण बदलतो. हलक्या तारांनी मान मागे जाते आणि पहिल्या चार-पाच फ्रेटवर झणझण होते. जड तारांनी मान पुढे ओढली जाते, तारा उंच होतात. ई तार पहिल्या फ्रेटवर आणि मान बॉडीला मिळते तिथे एकाच वेळी दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेटमध्ये व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट हवी. फट जास्त असेल तर ट्रस रॉड (मानेच्या आतली, तिचा बाक सांभाळणारी सळई) घड्याळाच्या दिशेने पाव फेरा, कमी असेल तर उलटा. पाव फेऱ्यानंतर थांबा, सूर पुन्हा लावा, मग बघा. रॉड अडला तर जोर न लावता कारागिराकडे न्या.

शेवटी बारावा फ्रेट तपासा. तिथे दाबलेला सूर त्याच जागच्या हार्मोनिकपेक्षा (तार न दाबता नुसती स्पर्शून काढलेल्या सुरापेक्षा) चढा असेल तर खोगीर मागे घ्या, उतरलेला असेल तर पुढे.

जी तारेवर पाचव्या-सहाव्या फ्रेटला सूर लगेच विरतो. दोन संच बदलले, तरी तसंच.

तिसरा घेऊ नका. मानेचं लाकूड त्या सुराला स्वतःच कंप पावतं आणि तारेची शक्ती पिऊन टाकतं. स्क्रूने मान जोडलेल्या अनेक बेसवर ही जागा असतेच. तोच सूर डी तारेवर दहाव्या-अकराव्या फ्रेटला घ्या.

ऑनलाइन निम्म्या किमतीत संच मिळतोय. घेऊ?

बनावट तारांचा सुळसुळाट आहे, म्हणून नको. दद्दारिओच्या पाकिटात अस्सलपणा तपासायचा क्रमांक असतो, तो कंपनीच्या साइटवर टाकून बघता येतो. बाकी ओळखीच्या दुकानातून घ्या. मुंबईत धोबी तलावचं फुर्टाडोज तर १८६५ पासूनचं आहे. दुकानातून घेताना पाकिटावर 'बेस' आणि 'लाँग स्केल' लिहिलेलं वाचून घ्या. गर्दीच्या वेळी काउंटरवर चुकीचं पाकीट हातात पडतं.

कार्यक्रमाला जादा संच बरोबर ठेवावा का?

बेसची तार सहसा तुटत नाही. तुटलीच तर ब्रिजच्या खोगिरावर, आणि तेही खोगिराला धार आली असेल तर. त्यासाठी अख्खा नवा संच अडकवून ठेवायची गरज नाही. संच बदलताना उतरवलेल्यांपैकी बऱ्या तारा सैल गुंडाळून केसच्या खणात ठेवा. त्या तुमच्याच बेसच्या मापाला कापलेल्या असतात, म्हणून दोन गाण्यांच्या मध्ये पटकन बसतात. दुसऱ्या कुणाला द्यायच्या झाल्या तर त्याची खुंटी गाठतील की नाही ते आधी धरून बघा.